सॉरीला काय उत्तर द्यायचं?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी तरुण मंडळी एक अडचण वरचेवर सांगतात. ऑफिसातल्या, परदेशात असलेल्या कुणाच्या तरी घरचं माणूस जातं आणि बोलायचं असतं इंग्रजीतून. मराठीत अशा वेळी काय करायचं हे कुणी शिकवावं लागत नाही, पाय आपोआप त्या घराकडे वळतात. इंग्रजीत मात्र गाडी पहिल्या वाक्यालाच अडते. काय लिहू? चुकलं तर? उलटी अडचणही तेवढीच मोठी. आपल्या घरी कुणी गेलं आणि तिकडून ‘सॉरी’ आलं, तर त्याला म्हणायचं काय? बाप गेल्यावर ‘थँक यू’ म्हणायचं?

म्हणून सुहासची गोष्ट सांगते. नाव बदललं आहे, घरचे आणि नोकरीचे तपशीलही ओळख पटणार नाही इतके बदललेत, आणि लिहिण्याआधी त्याला विचारलं आहे.

सुहास सत्तावीस वर्षांचा. तासगाव तालुक्यातलं द्राक्षबागायतदाराचं घर. थोरला भाऊ बाग बघतो, हा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. महिन्यातले पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस गावाकडून काम. सांगलीत विश्रामबागेत माझ्या खोलीवर पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, इंग्रजीची भीती बसली आहे, मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, नोकरी सोडावी असं वाटतंय. मी ‘तुम्ही’ म्हणत होते. तो म्हणाला, “मॅडम, मला तू म्हणा. तुम्ही म्हटलं की इंटरव्ह्यूला आल्यागत वाटतंय.”

झालं होतं असं. त्याची टीम लीड अमेरिकेत असते. तिला आपण लिंडा म्हणू. एका सोमवारी, आपल्याकडच्या संध्याकाळी, कॉलच्या सुरुवातीलाच ती म्हणाली की शनिवारी आई गेली, बुधवारपासून काही दिवस मी नसेन. मग एकेक जण बोलला. ‘सो सॉरी फॉर युअर लॉस, लिंडा.’ दुसऱ्याने तेच, तिसऱ्याने तेच. सुहासचा नंबर सातवा. “सहा जणांनी म्हटलेलं सातव्यांदा म्हणायला मला कसंतरी झालं. मनापासून काहीतरी बोलावं असं वाटलं.” आणि तो मनापासून बोलला. ‘लिंडा, वेअर यू विथ हर?’ म्हणजे, त्या वेळी तू आईजवळ होतीस का?

कॉलवर कुणीच काही बोललं नाही. ती शांतता किती वेळ होती हे त्याने मला तीनदा सांगितलं आणि दर वेळी ती वाढत गेली. मग लिंडा म्हणाली, ‘नो. आय वॉजन्ट.’ आणि लगेच कामाचं बोलणं सुरू झालं. रात्री पुण्यातल्या एका सहकाऱ्याचा मेसेज आला, “अरे असं विचारतात होय? त्यांच्यात हे पर्सनल असतं.”

तेव्हापासून पाच आठवडे सुहास कॉलवर आवाज बंद करून बसत होता. बोलायची वेळ आली की अंगठा त्या बटणावर जाई आणि तिथेच थांबे. मला दाखवताना त्याने खरोखर फोन हातात धरला, अंगठा काचेपासून पाव इंचावर, आणि तो अंगठा थरथरत होता. रात्री तीनला जाग यायची. लिंडा परत आली होती, नेहमीसारखी बोलत होती, पण त्याला तिच्या प्रत्येक वाक्यात राग ऐकू येत होता.

त्याच्या फोनमध्ये तिला लिहायच्या मजकुराचे अकरा मसुदे होते. त्याच्या परवानगीने मी ते वाचले. पहिला असा: ‘डिअर लिंडा, आय केम टू नो दॅट युअर मदर एक्स्पायर्ड.’ चौथा अर्ज लिहावा तसा: ‘काइंडली ॲक्सेप्ट माय हार्टफेल्ट कन्डोलन्सेस ऑन द सॅड डिमाइज.’ अकरावा सगळ्यात छोटा. त्यात फक्त तीन वाक्यं होती आणि तिन्हीत सॉरी होतं. विचारलं म्हणून सॉरी, आईबद्दल सॉरी, आणि शेवटचं नुसतंच सॉरी.

दुसऱ्या भेटीत माझ्याकडून चूक झाली. तो इंग्रजीची तक्रार घेऊन आला होता, म्हणून मी इंग्रजीच सांगत बसले. आपल्या दवाखान्यांत ‘पेशंट एक्स्पायर झाला’ सर्रास म्हणतात, पण तिकडच्या माणसाला आज एक्स्पायर म्हटलं की औषधाच्या पाकिटावरची तारीख किंवा पासपोर्ट आठवतो. माणसासाठी ‘पास्ड अवे’ म्हणावं किंवा सरळ ‘डाइड’ म्हणावं. ‘सॅड डिमाइज’ आपल्याकडच्या शोकसभांच्या नोटिशीत शोभतं, एका माणसाने दुसऱ्याला लिहिताना ते अंगरखा घालून आल्यासारखं वाटतं. आपण म्हाताऱ्या माणसाबद्दल ‘सोनं झालं’, ‘सुटली बिचारी’ म्हणतो तेव्हा त्यात माया असते, पण तेच इंग्रजीत ‘ॲट लीस्ट’ लावून सांगितलं, निदान तिचे हाल तरी संपले म्हणून, तर ऐकणाऱ्याला आपलं दुःख कुणीतरी मोजून कमी केल्यासारखं लागतं. हे सगळं खरं आहे आणि लिहिताना उपयोगी पडतं. सुहासने वहीत उतरवून घेतलं, आभार मानले आणि गेला. पुढच्या वेळी आला तेव्हा मेसेज पाठवलेला नव्हता. म्हणाला, “मॅडम, वाक्य आता बरोबर हाय. पण पाठवायला हात होत न्हाई.”

तेव्हा मी थांबले. त्याची अडचण वाक्याची नव्हती. तिथे येण्याआधी मात्र ‘सॉरी’ या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सुहासचं अर्धं कोडं त्यातच होतं.

मराठीने सॉरी घेतला, पण अर्धाच घेतला. एसटी स्टँडवर कुणाच्या पायावर पाय पडला, सॉरी. डबा विसरला, सॉरी. आपल्या कानाला त्या शब्दाचा एकच अर्थ आहे, चुकलं, माफ करा. इंग्रजीत तो मुळात दुखण्याचा शब्द. अंग ठणकतं, घसा दुखतो त्याला ‘सोअर’ म्हणतात, त्याच घराण्यातला. माफीचा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे ‘आय ॲम सॉरी’ म्हणणारा माणूस अशा प्रसंगी सांगत असतो की मलाही दुखतंय, वाईट वाटतंय. आपण ऐकतो ‘माफ करा’. आणि माफी मागणाऱ्याला आपण काय म्हणतो? ‘इट्स ओके. नो प्रॉब्लेम.’

विट्याच्या एक काकू माझ्याकडे झोपेच्या तक्रारीसाठी यायच्या. मुलगा कॅनडात, सून तिकडची. सुनेचे वडील गेले. मुलाने फोनवर सांगितलं, “आई, तिला फक्त सॉरी म्हण.” काकू माझ्यासमोर अगदी कळवळून म्हणाल्या, “मी कशाला सॉरी म्हणू? मी काय केलंय तिच्या बापाचं?” मी त्यांना म्हटलं, तुम्हाला जे म्हणायचं ते मराठीतच म्हणा. त्या व्हिडिओ कॉलवर “फार वाईट झालं गं बाळा” म्हणाल्या आणि पुढे त्यांना बोलवेना. सुनेला एक शब्द कळला नसेल, पण ती पलीकडून ‘थँक यू, आई’ म्हणाली. इंग्रजी येत नसेल तर काय करायचं, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

हा घोळ फक्त आपलाच नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या देशांतही सॉरीचे दोन अर्थ एकमेकांत इतके अडकतात की त्यासाठी कायदे करावे लागले. अपघातानंतर किंवा उपचारात काही बिघडल्यानंतर कुणी सॉरी म्हटलं, तर कोर्टात ती दोषाची कबुली धरायची का? या भीतीने डॉक्टर, गाडीचालक माणुसकीचा एक शब्दही बोलेनासे झाले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1986 मध्ये कायदा केला की अपघातानंतर दाखवलेली सहानुभूती दिवाणी दाव्यात दोषाचा पुरावा म्हणून चालणार नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने 2006 मध्ये आणि ऑंटारिओने 2009 मध्ये असाच कायदा केला, आणि त्यात तर माफीलाही संरक्षण दिलं. सुहासला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. ज्यांची भाषा आहे त्यांचाही गोंधळ होतो, हे ऐकून त्याचे खांदे जरा खाली आले.

मग मी त्याला विचारलं, “तू लिंडाला जो प्रश्न विचारलास, तो तुला कधी कुणी विचारला होता का?”

तो बराच वेळ खिडकीकडे बघत होता. मग म्हणाला, “आण्णा गेले तवा.”

दीड वर्ष झालं होतं. पहिल्या भेटीत घरची माहिती घेताना त्याने ‘वडील नाहीत’ एवढंच सांगितलं होतं आणि मीही पुढे गेले होते. ऑक्टोबर छाटणी होऊन बागेला फुटवे आलेले, पहाटे औषध फवारायला म्हणून आण्णा उठले. चहा घेतला. बागेच्या कडेला बसले, भावाला म्हणाले पाणी आण. भाऊ पाणी घेऊन येईपर्यंत आडवे झाले होते. गाडीत घालून मिरजेला नेईपर्यंत वाटेतच गेले. सुहास पुण्यात होता. सहा वाजून दहा मिनिटांनी भावाचा फोन, “आण्णांना बरं नाही, तू ये.”

आपल्याकडे दुखवट्याच्या घरात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. शेजारचे पिठलं-भात आणून देतात. येणारा माणूस आल्यावर नमस्कार करत नाही, जाताना येतो म्हणत नाही. बसतो. थोड्या वेळाने विचारतो, “कसं झालं?” आणि घरातलं माणूस पहिल्यापासून सांगायला लागतं. चहा घेतला, औषध मारायचं होतं, पाणी आण म्हणाले. दिवसातून दहा वेळा, असे तेरा दिवस. बाहेरच्याला वाटेल जखमेवरची खपली काढतात. पण इतकी वर्षं या कामात असल्यावर मला वाटतं, शोकातल्या माणसासाठी आपल्या समाजाने केलेली ही फार मोठी सोय आहे. पहिल्या दिवशी हुंदक्याशिवाय एक वाक्य न बोलणारी बाई दहाव्यापर्यंत तीच हकिगत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू शकते. जे अचानक अंगावर कोसळलं त्याला आधी आणि नंतर येतं, मध्ये श्वास घ्यायला जागा सापडते. समुपदेशनाच्या खोलीतही आम्ही बऱ्याचदा तेच करतो, फक्त उशिरा आणि चार भिंतींआड.

या सोयीत एका माणसाला जागा नसते. जो तिथे नव्हता त्याला.

सुहास सोप्यात बसलेला असायचा. आई आणि भाऊ सांगायचे. त्याच्याकडे वळून लोक विचारायचे, “तू होतास का जवळ?” नव्हतो. “कधी पोचलास?” साडेबाराला. “अरेरे.” आणि माणूस पुन्हा भावाकडे वळायचा. तेरा दिवसांत हा प्रश्न त्याला इतक्या वेळा विचारला गेला, आणि दर वेळी उत्तर तेवढंच.

“मग लिंडाला का विचारलंस?” मी म्हटलं.

हे उत्तर मी शब्दशः लिहून ठेवलं आहे. “मला वाटलं तीबी नसंल. ती लांब राहती आईपासनं, मला ठाव होतं. ती नव्हते म्हटली असती, तर मला म्हणता आलं असतं, मीबी नव्हतो.”

ती ‘नो’ म्हणालीही. पण पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून निघायच्या आत कॉल पुढे गेला, आणि त्याच्याकडे उरला फक्त प्रश्न, उलटतपासणीसारखा.

या भेटीनंतर इंग्रजीबद्दल बोलणं सोपं झालं. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते. आपल्या गावात ‘कसं झालं?’ विचारणं म्हणजे मी ऐकायला बसलोय, असं सांगणं असतं. विचारलं नाही तर माणूस तुटक वाटतो. इंग्रजी रिवाजात तेच काम प्रश्न न विचारता करतात. ‘आय ॲम सो सॉरी’ म्हणून थांबायचं. पुढे बोलायचं की नाही हे ज्याचं माणूस गेलं तो ठरवणार. त्याने सांगायला सुरुवात केली तर ऐकायचं, नाही केली तर विषय तिथेच ठेवायचा. सगळ्यांसमोर, कामाच्या कॉलवर तर मुळीच विचारायचं नाही, कारण तिथे त्याला रडायलाही जागा नसते. अमेरिकेत खाजगी नोकरीत अशा प्रसंगी रजा दिलीच पाहिजे असा देशभराचा कायदा नाही. बऱ्याच कंपन्या आपणहून तीन ते पाच दिवस देतात. आई शनिवारी गेलेली बाई सोमवारी कॉलवर होती, ती घट्ट मनाची म्हणून नव्हे. तिच्याकडे तेरा दिवस नव्हते. अशा माणसाला ते एक ठरलेलं वाक्य पुरतं. ते ऐकताना स्वतःला सावरून धरता येतं, म्हणूनच ते ठरलेलं आहे.

सुहासला यातलं एक पटत नव्हतं. “पण सगळ्यांनी तेच तेच म्हणायचं? कोरडं नाही वाटत?” मी त्याला आण्णा गेले त्या आठवड्यातला गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडायला सांगितला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, बोटाने वर सरकवत तो कितीतरी वेळ जात राहिला. मग एका नावावर थांबला. “हा आमचा पाण्याच्या पाळीवरनं भांडलेला भावकीतला माणूस. ह्यानंबी टाकलंय.” ते त्याला कोरडं वाटलं नाही. त्या शब्दांमागचा माणूस त्याला माहीत होता.

मग ऑफिसचे त्या वेळचे मेसेज काढले. चौदा जणांनी ‘सॉरी फॉर युअर लॉस’ लिहिलं होतं आणि सुहासने चौदाही जणांना ‘इट्स ओके’ असं उत्तर दिलं होतं. तो वाचता वाचता थांबला. “म्हणजे मी त्यांना काय म्हटलं? काही हरकत नाही?” मी म्हटलं, त्यातल्या कुणी ते मनाला लावून घेतलं असेल असं मला वाटत नाही. दुःखातल्या माणसाचं उत्तर कुणी तपासत नाही. पण पुढच्या वेळेसाठी, अशा सॉरीला ‘थँक यू’ हेच उत्तर आहे. आपल्याला ते खटकतं, कारण आपल्याकडे दुखवट्याला आलेल्याचे आभार कुणी मानत नाही. तो आला, बसला, संपलं. इंग्रजीतला तो थँक यू मृत्यूबद्दलचा नसतो. तू माझ्याकडे वळून बघितलंस, त्याबद्दलचा असतो. जास्त बोलावंसं वाटलं तर ‘दॅट मीन्स अ लॉट’ जोडावं. नाही वाटलं तर दोन शब्द पूर्ण आहेत. काहीच उत्तर दिलं नाही तरी चालतं, आणि आपल्याला कुणी उत्तर दिलं नाही तर तोही राग नव्हे. फोन उचलण्याइतकंही बळ नसलेले दिवस असतात ते.

चौदा मेसेजमध्ये एक लिंडाचा होता. इतरांपेक्षा एक ओळ जास्त: ‘टेक ऑल द टाइम यू नीड. नो नीड टू रिप्लाय.’ त्या वेळी त्याला वाटलं होतं, रजेची कार्यालयीन भाषा आहे. आता त्याने ते मला मराठीत सांगून बघितलं. “हवा तेवढा वेळ घे. मला उत्तर द्यायची काळजी करू नको.” म्हणाला, “आमच्यातली चुलती बोलल्यागत हाय की हे.”

मध्ये एक गोष्ट तपासणं माझं काम होतं. माणूस जाऊन वर्ष उलटल्यावरही रोजचं जगणं अडत असेल, त्याच आठवणीशिवाय दुसरं काही सुचत नसेल, जगण्यात अर्थच उरला नाही असं वाटत असेल, तर तो नुसता शोक राहत नाही, त्याला उपचार लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी त्यासाठी कमीत कमी सहा महिन्यांचा काळ धरते, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची 2022 ची सुधारित नियमावली मोठ्या माणसांसाठी बारा महिन्यांचा. सुहास जेवत होता, काम करत होता, मित्रांत मिसळत होता. त्याला तशा उपचारांची गरज नव्हती. ज्यांना आहे, त्यांनी जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. रात्रीअपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा नंबर आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बारावा मसुदा त्याने माझ्यासमोर लिहिला. मी एकही शब्द सुचवला नाही. ‘लिंडा, आय ॲम सॉरी अबाउट युअर मॉम. आय आस्क्ड यू अ हार्ड क्वेश्चन दॅट डे. माय फादर डाइड लास्ट इयर अँड आय वॉज नॉट विथ हिम. नो नीड टू रिप्लाय.’ शेवटचं वाक्य तिचंच होतं, तिलाच परत दिलेलं. खोलीतून बाहेर पडताना पाठवतो म्हणाला, आणि जिना उतरता उतरता पाठवलं.

पुढच्या भेटीला आला तो नाराज. उत्तर आलं होतं: ‘थँक यू, सुहास.’ एवढंच. “मी एवढं उघडं केलं आणि दोनच शब्द.” मी त्याला काही समजावलं नाही. आम्ही ते दोन शब्द बराच वेळ तसेच मध्ये ठेवले. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “नाव लिवलंय पण. कामाच्या मेसेजला कधी नाव लिवत न्हाई.” कॉलवर तो त्याच आठवड्यापासून बोलायला लागला होता, हे त्याने जाता जाता सांगितलं.

राहिलं होतं ते आण्णांचं. मी म्हटलं, “कसं झालं, हे तुला कुणी विचारलंच नाही. आज मी विचारते.” तो म्हणाला, मी नव्हतोच तर काय सांगू. मी म्हटलं, सहा दहाला फोन आला, साडेबाराला तू पोचलास. या मधल्या वेळात तू कुठेतरी होतासच ना.

मग त्याने सांगितलं. मित्राची गाडी मागून घेतली, एकटाच चालवत निघाला. खंबाटकीच्या घाटात फोनची रेंज गेली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, की आता काही कळणार नाही. साताऱ्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबला, चहा सांगितला, पैसे दिले आणि चहा तसाच ठेवून निघाला. तो भरलेला कप त्याला अजून दिसतो, वर साय धरलेला. कराडला पोचेपर्यंत त्याने भावाला उलटून एकही फोन केला नाही. भावाचाही आला नाही. फोन केला असता तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर कळलं असतं. “मॅडम, मी मुद्दाम केला न्हाई. बाप मरतोय आणि मी फोन करत न्हाई.” दीड वर्ष हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्याने ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना टपरीवरच्या माणसाने ‘पाव्हणं, चहा राहिला’ म्हणून हाक मारली होती, तेही आठवलं.

शेवटच्या भेटीला तो सांगत आला की गावी आईला हे सगळं बोललो. बेदाण्याचं काम चाललं होतं, आई काड्या निवडत बसलेली. तोही समोर बसला आणि टपरीपासून सुरुवात केली. आई निवडता निवडता ऐकत होती. कराडचं आलं तेव्हा तिने हात थांबवला.

“आई म्हणली, तुझ्या दादाला मीच बजावलेलं. पोरगं एकटं गाडी चालवतंय, वाटंत त्येला फोन करू नकोस.”